हेच उत्तर लक्षात ठेवा

चहा निवायच्या आत प्लग-इन बसेल, असं त्या पानावर लिहिलं होतं आणि कधी नव्हे ते एखाद्या कंपनीनं खरं लिहिलं होतं. रविवारी सकाळी कोचीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये शलाका दहिवाळनं लॅपटॉप उघडला, पानावरच्या 'ब्राउझरला जोडा' या बटणावर टिचकी मारली आणि चहाचा दुसरा घोट घेते न घेते तोच वरच्या पट्टीत एक हिरवा ठिपका येऊन बसला. ठिपक्याचं नाव 'अनुमती'. त्याच्या दुसऱ्या टोकाला, संगमनेरला, तिचे वडील खाटेवर पडले होते.

दिगंबर दहिवाळ हे नाव फक्त रेशन कार्डावर. गावाला ते नाना कासार. बाजारपेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात त्यांनी उभा जन्म काढला. बायको लवकर गेली, दोन मुली त्यांनी दुकानातच वाढवल्या. आता कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता आणि बरं होण्याची भाषा डॉक्टरांनी सोडून दिली होती. उरलं होतं ते दुखणं कमी करणं.

तो काळच असा होता, की तालुक्याच्या गावी डॉक्टर औषधालासुद्धा मिळत नसे. होते ते जिल्ह्याला बसून पडद्यावर रोगी बघत. म्हणून नानांच्या बरगडीखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा पंप बसवला होता. त्यातून वेदनाशामक थेंबाथेंबानं पाठीच्या कण्याकडे जाई. किमान किती आणि कमाल किती, हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. त्या दोन रेघांच्या मध्ये औषध कमीजास्त करायचं, तर दोन माणसं लागत. रोग्यानं मागायचं आणि घरच्या माणसानं हो म्हणायचं. नुसत्या रोग्याच्या शब्दावर औषध वाढवावं, तर दुखण्यापुढे कुणाचा विवेक शाबूत राहतो? आणि नुसत्या नातेवाइकांच्या शब्दावर वाढवावं, तर काय होईल ते सांगायला नको. लोकांच्या इस्टेटी असतात.

मागणी ऐकायला नानांच्या उशाशी एक डबी होती. ही डबी शब्द ऐकत नव्हती, हेतू ऐकत होती. दुखणारं माणूस सरळ बोलत नाही. कुणी 'आई गं' म्हणतो, कुणी देवाला शिव्या देतो, कुणी भिंतीकडे तोंड करून गप्प पडतो. मोठमोठ्या इस्पितळांमधलं वर्षानुवर्षांचं मराठी बोलणं त्या यंत्राला ऐकवलं होतं. शब्द, श्वास, आवाजातला कंप यांचा मेळ घालून रोग्याला काय हवंय याचा ते अंदाज बांधी आणि तेवढा अंदाज स्वच्छ मराठीत घरच्यांच्या ब्राउझरवर पाठवी. बहुतेक वेळा तो बरोबरही असे. कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पोटच्या पोरांपेक्षा या डबीला जास्त कळतं, असं लोक कौतुकानं म्हणत.

प्लग-इन बसलं तरी मांडणी बाकी होती. पहिला प्रश्न भाषेचा होता: 'प्रमाण मराठी' की 'घरची मराठी'? घरची हवी असेल, तर रोग्यानं डबीपुढे तासभर बोलायचं. पाणी कसं मागता, रागावता कसं, काम झालं की काय म्हणता. शलाकाला हसूच आलं. नानांची मराठी काय परदेशातून आली होती? शिवाय त्यांना तासभर बोलतं कोण करणार? तिनं 'प्रमाण' निवडलं.

दुसरा प्रश्न: 'रुग्णाचा मूळ आवाज ऐकायचा, की फक्त सारांश वाचायचा?' इथे मात्र तिनं थांबून, मनापासून 'मूळ आवाज' निवडला. बाप तिकडे तळमळणार आणि आपण सारांश वाचायचा, हे तिला पटेना.

पहिल्याच आठवड्यात तिची परीक्षा झाली. कोची बंदरातल्या मालवाहू जहाजांची वेळापत्रकं जुळवणं हे तिचं काम. दिवसभर बैठका. बैठकीत आकडे सांगता सांगता कानातल्या इअरफोनमध्ये नानांचा हुंदका येई. बाप कधी रडलेला तिनं ऐकला नव्हता. एकदा तर ती वाक्य अर्धवट टाकून बाहेर जिन्यात जाऊन बसली. तेव्हा तिनं ठिपक्यावर टिचकी मारली आणि 'फक्त सारांश' निवडलं. कान एकदम शांत झाले. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पण सेटिंग तिनं परत बदललं नाही.

त्याच सुमारास नानांचा फोन आला. फोन लावून दिला होता रंजनानं. रंजना घुलेवाडीहून सकाळ-संध्याकाळ यायची, नानांना अंघोळ घालायची, चार घास भरवायची.

"शलू, तेजूला म्हणावं, ये," नाना म्हणाले.

तेजू म्हणजे तेजल, शलाकाची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी तिनं नाशिकला रजिस्टर लग्न केलं, नानांना न विचारता, जातीबाहेर. तालुक्यातल्या कितीतरी नवरीमुलींना नानांनी लग्नाचा हिरवा चुडा भरला होता. घरच्या नवरीला मात्र त्यांनी दारातूनच सांगितलं, की तुझा हात माझ्या दुकानात यायचा नाही. तेजल वळली ती वडोदऱ्याला नवऱ्याच्या गावी गेली आणि पुन्हा आली नाही.

त्या दोघांमध्ये शलाका होती. दर सणाला ती इकडचा निरोप तिकडे करायची. दोन्हीकडची तोंडं सारखीच फटकळ. मूळ निरोप पोचवला असता, तर दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं असतं. म्हणून शलाका त्यातले काटे काढायची. नाना काहीही बोलोत, तेजलला कळायचं, की नाना विचारत होते. तेजल काहीही बोलो, नानांना कळायचं, की तेजूनं नमस्कार सांगितलाय. यात खोटं काय, असं ती म्हणायची. आणि खरंच, त्या गोड पाण्यावरच तर नातं कसंबसं तगून होतं.

"काय सांगू तिला, नाना?"

"तू काय सांगायचं नाय. नुसतं ये म्हणावं. बाकीचं मी बोलन तिच्याशी. समोरासमोर."

तेजलनं फोनवर आधी विचारलं, "हे नाना म्हणाले, की तू म्हणतेस?"

"नानाच म्हणाले. देवाशपथ."

मग, "पुढच्या रविवारी येते," एवढं बोलून तेजलनं फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी शलाकाच्या पडद्यावर पहिली चौकट आली. 'रुग्णाची मागणी: वेदनाशामकाची मात्रा वाढवणे. आपली अनुमती आहे का?' खाली दोन बटणं, होय आणि नाही. तिनं क्षणाचाही विलंब न लावता 'होय' दाबलं. बापाला दुखतंय, तो औषध मागतोय, यात विचार कसला करायचा? उलट इतके दिवस कळ काढून आता त्यांनी तोंड उघडलं, याचं तिला बरं वाटलं.

संध्याकाळी पुन्हा तीच चौकट. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. एका बोटीचा घोळ निस्तरत असताना चौथ्यांदा चौकट आली, तेव्हा तिच्या खाली एक बारीकसा चौकोन होता: 'हेच उत्तर लक्षात ठेवा. पुन्हा विचारू नका.' अशा चौकोनावर आपण सगळ्यांनीच आयुष्यात हजारदा खूण केलेली असते. शलाकानंही केली. चौकट मिटली आणि बोटीचा घोळही दुपारपर्यंत निस्तरला.

शुक्रवारी रंजनाला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "ताई, नाना आता झोपूनच असत्यात. जेवणाला उठवलं तरी डोळे मिटत्यात."

"दुखतंय म्हणतात का गं?"

"तसं काय म्हणत नाय. जागे झाले का दुकानाचंच बोलत्यात, बाई. बडबड आपली."

म्हातारं माणूस, दुकानात जन्म गेला, दुकानाचं बोलणार नाही तर काय विमानाचं? शलाका हसली आणि तिनं शनिवारचं विमान धरलं. तेजलच्या आधी एक दिवस आपण तिथं असावं, दोघांत शब्दाला शब्द लागला तर मध्ये पडावं, असा तिचा हिशेब.

शनिवारी दुपारी ती घरी पोचली. नाना गाढ झोपले होते. गालफडं बसली होती. पण चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नव्हती. प्लग-इन बसवलं ते बरं केलं, असं तिच्या मनात येऊन गेलं. लॅपटॉप तिनं खिडकीतल्या टेबलावर उघडून ठेवला. मग खाटेशेजारच्या स्टुलावर तिला पुठ्ठ्याचा एक खोका दिसला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, दोऱ्यात ओवून ठेवलेल्या.

"हे काय गं?"

"गेल्या सोमवारी मला माळ्यावरून उतरवायला लावल्या," रंजना म्हणाली. "धाकट्या ताईंच्या मापाच्या निवडून ठेवल्या त्यांनी. तवा उठून बसले व्हते. मला म्हणले, रंजे, ह्या औषधानं हात लटलटतोय. काच भरायची म्हणजे हात धड पायजे, नायतर पोरीला लागंल."

शलाका खोका हातात धरून तशीच उभी राहिली. औषधानं हात लटलटतो म्हणणारा माणूस त्याच सोमवारपासून औषध वाढवून का मागत होता? तिला काही सुधरेना. दुखणंच तेवढं असेल, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली; पण समजूत बसेना.

रंजना घरी गेली. उन्हं कलायला लागली तेव्हा नानांनी डोळे उघडले. अर्धेच. त्यांनी शलाकाकडे पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. मग उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. वरून काहीतरी खाली ओढावं, तसा तो हात हवेत थोडासा हलला.

"वाढव," नाना म्हणाले. "वाढव गं आता. तेजू यायची."

बरगडीखाली पंप बारीकसा गुरगुरला. टेबलावर लॅपटॉप किणकिणला. पडद्यावर चौकट नव्हती, होय-नाही नव्हतं. फक्त एक ओळ होती: 'रुग्णाची मात्रा वाढवण्याची मागणी. आपल्या वतीने अनुमती दिली आहे.'

शलाकानं तो शब्द स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि त्याचा सारांश स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता, एकाच वेळी.

कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. गिऱ्हाइकाच्या हातात काच तडकली, तरी अशुभ नको म्हणून 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. दुकान बंद करायचं नाही, दिवेलागणीला शटर खाली ओढून वाढवायचं. गावात इतर कुणी हे विसरलं असेल, नानांनी पाळलं. पाळता पाळता तो शब्द दुकानातून घरात आला होता. पंखा वाढव. नळ वाढव. तो टीव्ही वाढव आता, अभ्यासाला बसा. लहानपणी दोघी बहिणी मैत्रिणींपुढे याची नक्कल करून हसायच्या. शलाकाच्या आयुष्यात हा शब्द पाण्यासारखा होता, आणि पाण्यासारखाच तो कधी नजरेला आला नाही.

इस्पितळात असं कुणी बोलत नाही. तिथं 'वाढवा' म्हणजे वाढवा. डबीनं आयुष्यभर तेच ऐकलं होतं. नाना आठवडाभर सांगत होते, की बंद करा हे औषध, मला शुद्धीवर राहायचंय, माझी पोर येणार आहे. जितकं कळवळून ते सांगत होते, तितकी ही मागणी निकडीची आहे, असा अंदाज यंत्र बांधत होतं. ध चा मा करायला पूर्वी निदान कुणाच्या तरी मनात पाप असावं लागे. इथे सगळ्यांचेच हेतू चांगले होते. आणि शलाकानं नुसता त्यांचा आवाज ऐकला असता, एकदा, जिन्यात बसून का होईना, तर पहिल्याच शब्दाला तिला कळलं असतं.

ती खाटेवर वाकली. "नाना, बंद करायचंय का? औषध बंद करू?"

नानांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. "बंद म्हणू नये, शलू," ते पुटपुटले आणि त्यांचे डोळे मिटले.

शलाका लॅपटॉपकडे धावली. हिरव्या ठिपक्यावर टिचकी, 'काढून टाका'. पडद्यानं शांतपणे कळवलं: 'प्लग-इन काढल्यास आपली शेवटची निवड कायम राहील.' ती मोठ्यानं ओरडली. मग सेटिंग शोधलं, चौकोनातली खूण पुसली, जिल्ह्याच्या डॉक्टरांना पडद्यावर बोलावलं. डॉक्टर साबळे नावाच्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंपाची नोंद पाहिली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मात्रा वरच्या रेघेला टेकली आहे. मर्यादेच्या आतच आहे, म्हणून यंत्रानं मला कळवलं नाही," त्या म्हणाल्या. "आजच्या आज बंद नाही करता येणार. शरीराला सवय झाली आहे. उतरवायची तर पायरीपायरीनं, दोन-तीन दिवस लागतील."

"उद्या सकाळी बहीण येतेय माझी. डॉक्टर, तासभर तरी शुद्धीवर येतील असं काही नाही का?"

"उतारा आहे. पण उतारा दिला, तर आठवडाभर दाबलेलं दुखणं एका झटक्यात उसळेल. या हृदयाला ते झेपेल असं मला वाटत नाही. झेपलंच, तर ते बोलणार नाहीत, नुसते ओरडतील." मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणत असाल तर देऊ. तुमची अनुमती लागेल."

चौकट आली. होय. नाही. चारदा ज्या बोटानं डोळे झाकून 'होय' दाबलं होतं, ते बोट आता जागचं हलेना. नाना ओरडतायत आणि तेजल दारात उभी आहे, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढून जाईना. तिनं 'नाही' दाबलं. पायरीपायरीनंच उतरवू म्हणाली.

तेजल सकाळी आली. केस पिकायला लागले होते तिचे. ती खाटेशी बसली आणि नानांचा हात हातात घेऊन राहिली. शलाकानं तिला सगळं सांगितलं, शब्दाचा घोळ, चौकोन, डॉक्टर, काहीही न लपवता. तेजलनं मान वर केली नाही. दुपारी जेवणवेळेला नानांचा श्वास लांबत लांबत गेला आणि मग आलाच नाही. शेवटपर्यंत ते जागे झाले नाहीत.

अंत्यविधी उरकून भावकीतली माणसं पांगल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. तेजलनं विचारलं, "शेवटच्या दिवसांत माझ्याबद्दल काही बोलले का ते?"

शलाकानं लॅपटॉप पुढे ओढला. आठवड्याभराचे सारांश एकाखाली एक होते. मात्रा वाढवण्याची मागणी, अनुमती दिली. मात्रा वाढवण्याची मागणी, अनुमती दिली. मधेच बुधवार दुपारची एक वेगळी ओळ होती: 'रुग्ण कौटुंबिक विषयावर बराच वेळ बोलले. कृती आवश्यक नाही.'

तेजलनं ती ओळ बोटानं धरली. "बराच वेळ. काय बोलले?"

"दुपारी रंजना नसते गं. कुणीच नव्हतं."

"मग आवाज ऐकव."

"सारांश निवडला, की आवाज साठवत नाहीत." शलाकानं लॅपटॉप मिटला. "आवाज मी बंद केला होता, तेजू. मला ऐकवत नव्हतं. पण ते तुझ्याचविषयी बोलले असणार बघ. म्हणाले असतील, की पोर येतेय, झालं गेलं—"

"नको," तेजल म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "तू नको सांगूस." मग तिनं विचारलं, "बारा वर्षं तू फोनवर म्हणायचीस, नाना विचारत होते. काय शब्दांत विचारायचे?"

शलाका उठायला लागली.

"त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे."

"चांगले नव्हते गं."

"सांग."

"'मेली का जगली ती भवानी?'" शलाका म्हणाली. नानांचाच हेल आपोआप तिच्या तोंडात आला.

तेजलच्या तोंडून हुंदका फुटला, की हसू, ते कळलं नाही. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "अजून."

"'वडोदऱ्याला ज्वारी मिळती का, का नुसता भातच गिळती?'"

"अजून."

शलाका आठवत राहिली. बारा वर्षांच्या दिवाळ्या, पाडवे, राख्या तिनं एकेक करून उलगडून पाहिल्या. सगळीकडे तिचा स्वतःचाच समजूतदार आवाज होता. नाना काय म्हणाले होते, ते तिनं सांगताना बदललं होतं, आणि बदललेलंच तिच्याही लक्षात राहिलं होतं.

"अजून सांग ना, ताई."

"एवढेच आठवतात," शलाका म्हणाली. "बाकी सगळं माझं आहे."